डॉक्टरच्या हाताचा गुण

१४ नोव्हेंबर

डॉक्टरांनी ही डायरी दिली. औषधाच्या कंपनीची हाय, वर काळजाचं चित्र. म्हणाले, "शालनआक्का, रोज काय खाता ते ह्यात लिहायचं. तोंडानं तुम्ही खोटं सांगता."

मी म्हटलं, "हातानं बी सांगीन की."

पूर्वी असं बोललं की हा माणूस खो खो हसायचा. आज नुसता बघत बसला. कशाचा तरी राग धरलाय.

मी चौथीपर्यंत शिकलो. आमच्याकडं बायका बी मी गेलो, मी आलो असंच म्हणतात. पुण्याची नात त्याला हसती. हसू दे. तिची भाकरी अजून गोल होत न्हाय.

आज सकाळी भाकरी दीड, दोडक्याची भाजी, ताक. दिवस बुडायच्या आत थोडा भात. रात्री आम्ही जैन माणसं खात न्हाय, त्यामुळं तिथं लिहायचं काम न्हाय. गुळाचा खडा खाल्ला तो भाजीत धरलाय.

साखरेच्या गोळ्या खाऊन माझ्या पायाला मुंग्या येतात. त्याला दर दुसऱ्या गुरुवारी लाल इंजेक्शन, कमरेखाली. पडद्यामागं टेबलावर पालथं पडायचं, तोंड भिंतीकडं. भिंतीवर कॅलेंडर. डॉक्टर मागनं दोन टिचक्या मारतात आणि विचारतात, "म्हैस किती देती?" आपण लिटर सांगेपर्यंत सुई बाहेर. दुखत न्हाय. त्या हाताला गुण हाय. सगळं गाव डोळं झाकून सांगंल की हा हात कुणाचा.

१८ नोव्हेंबर

दवाखान्यात एक पोरगी आलीय. डॉक्टर दिव्या. रायबागकडची, घरात कानडी. मराठी बोलती पण बाई-पुरुष सगळं एक करती. मला म्हणाली, "आक्का, तुमचा पाय दुखते काय?"

मी म्हटलं, "पाय दुखतो. मी दुखते."

यल्लाप्पा कंपाउंडर म्हणाला, "आक्का, तिची डिग्री आपल्या डॉक्टरपेक्षा मोठी हाय."

डिग्री भिंतीला लावायची. सुई तर माणसाला टोचायची हाय.

डॉक्टर म्हणाले, आता ही पण बसणार माझ्याबरोबर. कशाला ते सांगितलं न्हाय. माणूस म्हातारा झालाय असं बी न्हाय. माझ्याएवढाच हाय.

२८ नोव्हेंबर

डॉक्टर कंजूष झालेत. पूर्वी चिठ्ठी लिहिली की एका औषधाला अर्धा कागद लागायचा, कावळा नाचल्यासारखं अक्षर. आता मुंग्यांची रांग. ओळ पुढं जाईल तशी मुंगी लहान. मेडिकलवाला भिंग घेऊन बसतो. एवढा कागद वाचवून कुठं नेणार?

थाट बी वाढलाय. उजवा हात कायम खिशात, सिनेमातल्यासारखा. बुटाच्या नाड्या नकोत म्हणून चप्पल. चहा अर्धाच कप घेतात. पोरीसमोर बोलणं पण हळू झालंय, एकदम सभ्य. आधी यल्लाप्पाला हाक मारली की बस्तीत, आमच्या जैन देवळात, पुजाऱ्याला ऐकू जायची.

आज इंजेक्शनच्या वेळी दोन टिचक्यांऐवजी पाच-सहा बसल्या. मी म्हटलं, "तबला वाजवताय काय?"

"शीर शोधतोय."

कमरेखाली कसली शीर? पण ते डॉक्टर, मी चौथी.

भाकरी दीड.

५ डिसेंबर

साखर वाढली. पोरीनं विचारलं, "गोळी घेत नाही काय?"

मी म्हटलं, "तू लिहिलंस रात्री जेवणानंतर. मी रात्री जेवत न्हाय. मग गोळी कधी घेऊ?"

ती म्हणाली, "मग घेतलंच नाही? पंधरा दिवस?"

"तू लिहिलंस तसंच केलं."

बाकावरच्या आणखी दोन-तीन बायकांनी बी तसंच केलंतं. पोरीनं कपाळाला हात लावला. आमचे डॉक्टर पहिल्यापासून जैन घराला चिठ्ठीवर लिहितात, "दिवस बुडायच्या आत." हे काय कॉलेजात शिकवत न्हाईत. दुपारी तिच्या टेबलावर बघितलं, एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात तसंच लिहीत होती. ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय, पण कळतंय.

१२ डिसेंबर

आज पोरीनं मला मारलं.

टेबलावर पालथी पडलो. डॉक्टर मागं, पोरगी बी मागं. "म्हैस किती देती?" मी म्हटलं, "सकाळचं चार..." आणि सुई अशी घुसली की संध्याकाळचं सांगायचंच राहिलं. नुसती घुसली न्हाय, आत जाऊन फिरली. मी ओरडून मागं वळलो तर सुई पोरीच्या हातात.

मी म्हटलं, "हिला कशाला दिली टोचायला? मी काय शिकायचा बोकड हाय?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात पोरगी म्हणाली, "सॉरी आक्का. हात हलला."

कबूल केलं तेवढं बरं. पण डॉक्टर एक शब्द बोलले न्हाईत तिला. खिशात हात घालून खिडकीतनं रस्ता बघत उभे. लाड चाललेत.

१५ डिसेंबर

लिंबाएवढी गाठ आलीय. मांडी घालता येत न्हाय. बस्तीत दर्शनाला गेलो ते उभ्यानंच. मालुबाईनं विचारलं, "उभी का गं?" मी सांगितलं. तिनं पुढं सांगितलं. गावात सांगायला मालुबाई असली की दवंडी लागत न्हाय.

२० डिसेंबर

पोरीच्या टेबलाकडं माणूस फिरकत न्हाय. बाकावर गर्दी, सगळी डॉक्टरांची. यल्लाप्पा ओरडतो, "ताईंच्याकडं या, तिकडं रिकामं हाय." लोक म्हणतात, आम्ही थांबतो. गळवाचा एक माणूस सकाळपासून दुपारपर्यंत थांबला, गळू आपोआप फुटलं.

सुनेनं, प्रणितानं विचारलं, "आत्या, तुमच्या एका सुईसाठी एवढं?"

मी म्हटलं, "सुई मला लागली, तुला न्हाय."

२६ डिसेंबर

आज जातानाच सांगितलं, "डॉक्टर, तुम्हीच देणार असला तर पडतो." म्हणाले, "मीच देतो."

आणि काय सांगू. दोन टिचक्या, कळलं बी न्हाय. जुना हात परत आला. मी बाहेर येऊन बाकावर सगळ्यांना सांगितलं, "बघा, हात म्हणजे हात."

एक मात्र नवीन हाय. पूर्वी मागनं बोलायचे, आता माझ्या डोक्याशी येऊन उभे राहतात आणि कानाजवळ विचारतात, "म्हैस किती देती?" मला कमी ऐकू येतंय असं वाटलं असंल. आणि तिथनंच टोचतात. उंच माणूस, हात पोचतो.

पोरगी बी आत असती. कापूस धरायला. तेवढंच काम तिला जमंल.

९ जानेवारी

आज पण फुलासारखी सुई.

गावात चाललंय डॉक्टरांचा सत्कार करायचा. माझा पोरगा अभिनंदन कमिटीत हाय. म्हणाला, "आई, तू जुनी. डॉक्टर आले तेव्हाचं काहीतरी सांग, भाषणात घालतो." मी सांगितलं ते त्यानं घातलं न्हाय. म्हणून इथं लिहितो.

हा अभिनंदन पोटात होता, उलटा. सुईणीनं हात टेकले. कुणीतरी म्हटलं, शाळेच्या खोलीत नवा डॉक्टर आलाय. बोलावला. बेळगावातल्या शहापूरचा, बाप मागावर साडी विणणारा. मिसरूड बी धड न्हवतं. मी तसल्या कळांत म्हटलं, "ह्याला बाहेर काढा."

तो म्हणाला, "आधी बाळाला काढू, मग मला काढा."

बाळ निघालं. डॉक्टर राहिला. एक वर्ष काढून जाणार होता. टाके असे घातले की साडीचा काठ वाटावा. बायको, नीलावैनी, पोराच्या शाळेपायी शहापुरातच राहिल्या. हा रविवारी जायचा, सोमवारी पहिल्या गाडीनं परत. वैनी वारल्या तरी तिसऱ्या दिवशी दवाखाना उघडा. लोक म्हणाले, गावावर केवढी माया. मी म्हटलं, रिकाम्या घरात बसून करायचं काय त्यानं.

करोनात कोगनोळीचा सीमेवरचा नाका बंद झाला. पलीकडची माणसं बी आमच्याच डॉक्टरची. हा खुर्ची घेऊन नाक्यावर जाऊन बसला. बॅरिकेडच्या फटीतनं दंड कर्नाटकात यायचा, सुई घ्यायचा, परत महाराष्ट्रात जायचा. पोलीस म्हणाला, परवानगी? डॉक्टर म्हणाले, "माणूस तिकडंच उभा आहे. दंड तेवढा आलाय." पोलिसानं शेवटी आपला बी दंड पुढं केला.

सत्काराला डॉक्टर नकोच म्हणाले. स्टेजवर उभं राहायचं, नारळ धरायचा, सही करायची, ह्यातलं कायच नको. एवढा मान मिळतोय तर घ्यायचा की. माणूस खरंच रागावलाय.

संक्रांतीच्या आधीच तिळाचा लाडू एक. लहान होता.

२३ जानेवारी

इंजेक्शन झालं. मग यल्लाप्पानं बाजूला घेऊन सांगितलं, पोरीला बेळगावच्या एका दवाखान्यात बोलावलंय, फेब्रुवारी संपला की जाणार.

मी म्हटलं, "बरं झालं."

"बरं काय आक्का? ती गेली की डॉक्टर दवाखाना बंद करणार म्हणतात. मग ताप आला तरी निपाणी गाठायची."

"बंद कशाला? डॉक्टर हाईत की."

यल्लाप्पानं तोंड फिरवलं. त्याला बी कायतरी झालंय.

२५ जानेवारी

डॉक्टर चालत घरी आले. बारकी बारकी पावलं टाकत, पायात साखळी असल्यागत. एवढ्या वर्षांत कुणी आजारी नसताना आमच्या सोप्यात पहिल्यांदा बसले.

म्हणाले, "आक्का, दिव्याबद्दल तुम्ही बोललात ते मागं घ्या."

"खरं ते कसं मागं घेऊ?"

"लोक तुमचं ऐकतात."

"खरं बोलतो म्हणून ऐकतात."

"आक्का, त्या दिवशी ती सुई..." असं म्हणाले आणि तेवढ्यात प्रणिता चहा घेऊन आली. काठोकाठ भरलेला कप, बशीसकट. डॉक्टरांनी कपाकडं बघितलं. लई वेळ बघितलं. हात काय खिशातनं काढला न्हाय.

"नको," म्हणाले आणि उठले.

माझ्या घरचा चहा न घेता गेले. एवढा राग! मी बी मग फाटकापर्यंत गेलो न्हाय.

६ फेब्रुवारी

सुई चांगली. बोलणं न्हाय.

भाकरी दीड. डायरी बघायला मागत पण न्हाईत आता. कुणासाठी लिहितोय कुणास ठाऊक.

२० फेब्रुवारी

आज सगळं लिहितो.

दवाखान्यात गेलो तर बाकावरची माणसं उठून चाललेली. डॉक्टर न्हाईत. त्यांचा पोरगा, अनय, गाडी घेऊन आला आणि बेळगावला घेऊन गेला. कुणी म्हणालं शहापुरात लग्न हाय, कुणी म्हणालं जागेचा वाद. मालुबाई म्हणाली, "चल गं, पुढच्या आठवड्यात येऊ."

माझ्या पायाला मुंग्या न्हाईत, वारूळ झालंतं. मी आत गेलो. पोरगी एकटी बसलीती. कोपऱ्यात तिची बॅग भरून उभी.

"आक्का, डॉक्टर नाहीत. नंतर या."

"नंतर तू नसणार, मी बी असेन-नसेन. तूच दे. नीट दे. परत गाठ आली तर बेळगावला येऊन शिव्या देईन."

पालथी पडलो. भिंतीवर कॅलेंडर. दात आवळले.

मागं दोन टिचक्या.

पोरगी घाबरलीती, तिच्या तोंडात मराठी आलंच न्हाय. म्हणाली, "ऊट आतेन्री, आक्का?" म्हणजे जेवण झालं का.

मी म्हटलं, "आतव्वा." झालं गं बाई. आणि ती कापूस दाबत होती. सुई कवाच बाहेर.

मी तशीच पडून राहिलो. हा हात मला ठाऊक हाय. म्हैस विचारली न्हाय, पण हात तोच.

"कधीपासून गं?"

तिनं सुई डब्यात टाकली.

"गाठ आली त्याच्यानंतर? सगळ्या तूच दिल्यास?"

"हं."

"ते डोक्याशी उभे राहून बोलतात आणि तू मागनं टोचतीस?"

"हं."

"मग गाठ आली ती सुई कुणाची?"

"ती माझी," म्हणाली. "मी सॉरी बोलले ना."

"खोटं बोलू नको. ह्या हातानं गाठ येत न्हाय."

ती बेसिनला जाऊन हात धुवायला लागली. धुतलेलेच परत धुतले. मी लुगडं नीट केलं. म्हटलं, "बेळगावला कशाला नेलंय त्यांना?"

"दाखवायला." आणि पाठ तशीच ठेवून म्हणाली, "आक्का, बाहेर नको बोलू. हे कळले तर लोक त्यांच्याकडे पण येणार नाही. तुम्हीच सांगितले ना, हात म्हणजे हात."

मला चहा आठवला. काठोकाठ भरलेला.

बाहेर आलो. मालुबाई दारातच थांबलीती, तमाशा चुकू नये म्हणून. तिच्यामागं आणखी चार-पाच जण.

"ओरडली न्हाईस गं?"

"न्हाय."

"लागलं?"

"न्हाय."

"मग तोंड कशाला वाकडं?"

"तोंड माझं असंच हाय. जन्मापासनं."

"म्हणजे... हिच्या हाताला बी गुण हाय म्हणतीस?"

खरं सांगावं तर डॉक्टरांचा हात बाजारात. न सांगावं तर पोरीची बॅग बेळगावला. मी बाकावर बसलो. दोन्ही बाजूंवर सारखं वजन टाकून, सगळ्यांच्या समोर, मांडी घालून. म्हटलं, "गाठ आली तर मी सांगितलं का न्हाय?"

"सांगितलंस."

"मग आली न्हाय तर काय सांगू?"

मालुबाईनं माझ्या मांडीकडं बघितलं. मग पदर खोचला आणि आत गेली. तिच्यामागनं गळवाचा माणूस. त्याला परत झालंय.

घरी येऊन ही डायरी पहिल्यापासून वाचली. मुंगीचं अक्षर, अर्धा कप, खिशातला हात, तबला, बारकी पावलं. लिहिणारी बाई बिनडोक हाय.

२७ फेब्रुवारी

रोज कुणा ना कुणाला घेऊन दवाखान्यात जातो. काल शेजारणीचा ताप नेला, आज प्रणिताचं डोकं. प्रणिता म्हणाली, "आत्या, माझं डोकं दुखत न्हाय." मी म्हटलं, "दुखंल, चल."

पोरगी विचारती, "आक्का, काय होते हिला?"

मी म्हटलं, "होतंय. काय होतंय हिला. न्हपुंसक लिंग हाय ते. किती दिवस झाले शिकवतोय."

"शिकते," म्हणाली. बॅग कोपऱ्यातच हाय अजून, पण आज तिच्यावर छत्री आणि वाळत घातलेला टॉवेल होता. बॅगेवर टॉवेल वाळत घालणारं माणूस लगेच जात न्हाय.

६ मार्च

डॉक्टर आले. नव्या गोळ्या चालू झाल्यात. कप धरतात म्हणे, यल्लाप्पा सांगत होता, पण पाऊणच. आवाज अजून बारीक.

पोरीची बॅग यल्लाप्पानं माळ्यावर टाकली.

आज माझा गुरुवार. पोरीच्या टेबलाशी बाक भरलेला, डॉक्टरांच्या टेबलाशी बी भरलेला. डॉक्टर मला बघून उठले. म्हणाले, "चला आक्का. मीच देतो."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी पडद्यामागं जाऊन पालथी पडलो.

ते डोक्याशी येऊन उभे राहिले. टेबलाच्या कडेला हात टेकला. मागं दोन टिचक्या.

"म्हैस किती देती?"

"आटली."

सुई बाहेर.

मला वाटलं, इथं कायतरी बोलायला पायजे. म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या हाताची सर कुणाला न्हाय."

तिथं माझं चुकलं. एवढ्या वर्षांत ह्या माणसाला मी कधी चांगलं म्हटलेलं न्हाय, अभिनंदनच्या वेळी बी न्हाय. त्यांच्या लगेच ध्यानात आलं.

म्हणाले, "आक्का, कधी कळलं?"

मी भिंतीकडंच तोंड ठेवलं. म्हटलं, "काय कळायचंय? मी पालथी पडलोय. पालथ्या माणसाला काय दिसतंय?"

टेबल हाललं. ते हसले म्हणून हाललं की हात हालला म्हणून, ते मी वळून बघितलं न्हाय.

जाताना पोरीच्या हातावर शेंगदाण्याचे लाडू ठेवले. डॉक्टरांना न्हाय दिले. त्यांनी आज काय केलंय?

भाकरी दीड. लाडू एक. खराच एक.